जंतनाशक देऊनही खोकडांमध्ये जंत पुन्हा पुन्हा का दिसतात?

जंतनाशक वेळेवर दिले, दोन आठवडे विष्ठा स्वच्छ आली आणि महिना उलटतो न उलटतो तोच पुन्हा तीच अंडी, तीच पोट फुगलेली पिल्ले आणि तोच कोरडा खोकला, ही तक्रार खोकडपालनात जितकी जुनी आहे तितकीच जखमी वन्य खोकडांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांतही नेहमीची आहे. अशा वेळी पहिला संशय औषधावर जातो. औषध बदलले जाते, मात्रा वाढवली जाते, आणि काही काळाने बदललेले औषधही 'निकामी' ठरते. औषधाला खरोखरच न जुमानणारे परजीवी आहेत आणि त्यांचा विचार पुढे केला आहे, परंतु बहुतेक वेळा उत्तर औषधाच्या बाटलीत नसून दिनदर्शिकेत असते. मात्रा दिल्यापासून किती दिवसांनी परजीवी परत दिसला, एवढा एक आकडा नीट नोंदवला तर गळती कुठे आहे हे पुष्कळदा त्यावरूनच कळते.

आधी नावाचा खुलासा करतो. मराठीत 'कोल्हा' हा शब्द सैलपणे वापरला जातो आणि त्यात खरा कोल्हा व खोकड हे दोन्ही प्राणी येतात. येथे खोकड म्हणजे व्हल्पीस वंशातील प्राणी, म्हणजे तांबडे खोकड, त्याचाच पाळीव रुपेरी प्रकार, आणि ध्रुवीय खोकड, ज्याच्या पाळीव प्रकाराला फरच्या व्यवसायात निळे खोकड म्हणतात. कुत्र्याशी जवळचे नाते असल्यामुळे यांचे बहुतेक परजीवी कुत्र्यातही आढळतात, आणि औषधांचे बरेचसे ज्ञानही कुत्र्यांवरूनच आले आहे. म्हणूनच खोकडासाठीची मात्रा पशुवैद्यकाने ठरवावी. कुत्र्याच्या गोळीच्या पाकिटावरून ती ठरवू नये.

दिवस मोजण्याची रीत

परजीवी शरीरात शिरल्यापासून त्याची अंडी किंवा अळ्या विष्ठेत दिसू लागेपर्यंत जो काळ जातो तो प्रत्येक जातीचा ठरलेला असतो. अंकुशकृमींपैकी थंड हवेत खोकडांना सर्वाधिक ग्रासणारा उन्सिनारिया स्टेनोसेफाला याला सुमारे १५ ते १७ दिवस पुरतात. क्रेनोसोमा व्हल्पिस या फुप्फुसकृमीला साधारण तीन आठवडे लागतात, टॉक्सोकारा कॅनिस या गोलकृमीला अंड्यांवाटे संसर्ग झाल्यास चार ते पाच आठवडे, अँजिओस्ट्राँगिलस व्हासोरम या दुसऱ्या फुप्फुसकृमीला पाच ते आठ आठवडे, आणि चाबूककृमी ट्रायक्युरिस व्हल्पिसला तर अकरा आठवड्यांच्या आसपास. मात्रेनंतर पाचव्या आठवड्यात गोलकृमींची अंडी परत दिसली, तर औषधाने पोटातील प्रौढ कृमी मारले होते आणि प्राण्याने मात्रेनंतर काही दिवसांतच आपल्याच जागेतून नवा संसर्ग घेतला, हा सरळ अर्थ होतो. तीच अंडी दहाव्या दिवशी भरपूर संख्येने दिसत असतील, तर मात्र औषध पोटात पोहोचले नाही, कमी पोहोचले, किंवा परिणामकारक ठरले नाही, यांपैकी एक शक्यता तपासावी लागते.

येथे एक अडचण लक्षात ठेवावी. फुप्फुसातून किंवा इतर ऊतींतून स्थलांतर करत असलेल्या अळ्यांवर बहुतेक औषधांच्या एका मात्रेचा पुरेसा परिणाम होत नाही, त्यामुळे आतड्यातील प्रौढ कृमी मेल्यावर या मागे राहिलेल्या अळ्या त्यांची जागा घेतात आणि अंडी अपेक्षेपेक्षा लवकर परत येतात. दुसरी मात्रा दोन-तीन आठवड्यांनी द्यावी लागते ती याच कारणाने. ती चुकवणे हे पुनरागमनाचे अगदी सामान्य कारण आहे, कारण तोवर प्राणी वरवर ठणठणीत दिसू लागलेला असतो.

तीन आठवड्यांच्या पिल्लात अंडी सापडतात तेव्हा

पाळणाऱ्यांना सर्वांत गोंधळात टाकणारा प्रसंग हा आहे. पिंजरा नवा, तळ जाळीचा, अंथरूण कोरडे, मादीची विष्ठा तपासलेली आणि स्वच्छ. तरीही तीन आठवड्यांच्या पिल्लांच्या विष्ठेत टॉक्सोकाराची अंडी. हिशेबाने हे अशक्य वाटते, कारण अंड्यांवाटे झालेल्या संसर्गाला याहून अधिक काळ हवा. उलगडा असा, की हा संसर्ग पिंजऱ्यातून आलेलाच नसतो. मादीने पूर्वी कधीतरी गिळलेल्या अंड्यांतील अळ्या तिच्या स्नायूंत आणि इतर ऊतींत निपचित पडून राहतात, गर्भारपणाच्या उत्तरार्धात जाग्या होतात आणि नाळेवाटे गर्भात शिरतात. काही अळ्या पुढे दुधावाटेही पिल्लांकडे जातात. मादीच्या आतड्यात एकही प्रौढ कृमी नसताना तिची सगळी वीण संसर्ग घेऊन जन्माला येऊ शकते. विष्ठातपासणीत ती निर्दोष ठरते, कारण ती तपासणी ऊतींतल्या अळ्या पाहूच शकत नाही.

या अळ्या एका गर्भारपणात संपत नाहीत, त्यामुळे मादीला विणीच्या हंगामाआधी एकदा जंतनाशक देऊन प्रश्न सुटत नाही. कुत्र्यांमध्ये गर्भारपणाच्या चाळिसाव्या दिवसापासून प्रसूतीनंतरच्या काही दिवसांपर्यंत फेनबेंडाझोल रोज देण्याची पद्धत प्रस्थापित आहे, आणि तिने पिल्लांवरचा भार पुष्कळ कमी होतो. खोकडाचा गर्भकाळ मात्र सुमारे ५२ दिवसांचा, म्हणजे कुत्रीपेक्षा दहा-अकरा दिवसांनी कमी असल्यामुळे कुत्र्यांचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलले, तर सुरुवात उशिरा होते आणि अळ्या तोवर निघून गेलेल्या असतात. हा बदल पशुवैद्यकाशी बोलून आधीच ठरवून घ्यावा. पिल्लांना पहिली मात्रा दोन आठवड्यांच्या वयात, म्हणजे अंडी बाहेर पडू लागण्यापूर्वी, आणि नंतर दूध तुटेपर्यंत दर दोन आठवड्यांनी दिली जाते. त्याच दिवशी मादीलाही दिली पाहिजे, कारण पिल्लांना चाटताना ती त्यांच्या विष्ठेतील कृमी आणि अळ्या गिळत असते.

टॉक्सॅस्कॅरिस लिओनिना हा दुसरा गोलकृमी नाळेवाटे जात नाही. त्याचे अंडे बाहेरून गुळगुळीत दिसते, टॉक्सोकाराचे खडबडीत. प्रयोगशाळेच्या अहवालात नुसते 'गोलकृमींची अंडी' असे लिहून आले असेल तर जात विचारून घ्यावी, कारण एकीत मादीपासून उपाय सुरू करावा लागतो आणि दुसरीत जमिनीपासून.

जमीन, जाळी आणि सफाईचा दिवस

टॉक्सोकाराची एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. ही अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात तेव्हा संसर्गक्षम नसतात. हवा आणि ऊब मिळाल्यावर आतली अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे आणि थंडीत त्याहूनही जास्त काळ लागतो. सफाईचे सारे गणित या फटीवर उभे आहे. आठवड्यातून एकदा विष्ठा पूर्ण उचलली, तर अंडी संसर्गक्षम होण्यापूर्वीच निघून जातात. महिन्यातून एकदा उचलली, तर आपण केवळ दुर्गंधी कमी करत असतो. अळी तयार झालेले अंडे मातीत कित्येक वर्षे टिकते, आणि नेहमीची जंतुनाशक द्रावणे त्याचे काही बिघडवत नाहीत. वाफ, उकळते पाणी, ज्योत आणि कडक उन्हातला कोरडेपणा हेच खरे उपाय आहेत, आणि म्हणूनच मातीचे आवार एकदा दूषित झाले की ते धुऊन स्वच्छ करता येत नाही; वरचा थर काढावा लागतो किंवा जागा सोडावी लागते.

कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुपेरी खोकडांचे पालन सुरू झाले, तेव्हा प्राणी जमिनीवरच्या आवारात राहत आणि जंत हा त्या धंद्याचा मोठा शत्रू होता. पुढे जमिनीपासून उचललेले जाळीच्या तळाचे पिंजरे आले आणि अंकुशकृमी व गोलकृमी यांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. प्राण्याच्या दृष्टीने जाळीवरचे आयुष्य चांगले नाही, हे मला मान्य आहे. परंतु परजीवींच्या साखळीपुरते बोलायचे तर विष्ठेपासून प्राण्याला दूर ठेवणाऱ्या त्या एका बदलाने जे साधले ते कोणत्याही औषधाने साधलेले नाही. जाळी असूनही जंत येत असतील तर घरट्याची पेटी, बसायची फळी आणि खाण्याचे भांडे ठेवण्याची जागा पाहावी. विष्ठा साचते ती या सपाट जागांवर, आणि सफाई करणाऱ्याचा हात नेमका तेथेच पोहोचत नाही.

पिल्लांना पातळ, आंबूस जुलाब लागून विष्ठेत सिस्टोआयसोस्पोराच्या ऊसिस्ट (अंड्यासारख्या कवचबंद अवस्था) सापडल्या, तर वरचे गणित बदलते. त्या एक ते चार दिवसांतच संसर्गक्षम होतात, त्यामुळे आठवड्याची सफाई उशिरा पडते. पिल्लांच्या पेट्या रोज स्वच्छ कराव्या लागतात. जंतनाशकाचा येथे उपयोग नाही, कारण हा कृमी नसून एकपेशीय जीव आहे.

मात्रा दिली, पण गिळली कोणी?

औषध खाद्यात मिसळून दिले असेल तर प्रत्येक प्राण्याला ते मिळाले असे गृहीत धरू नये. एका पिंजऱ्यात दोन खोकडे असतील तर धीट प्राणी दुप्पट खातो आणि भित्रा उपाशी राहतो. ज्याला जंतांचा भार जास्त असतो त्याची भूक आधीच मेलेली असते, आणि अशा रीतीने ज्याला औषध सर्वाधिक हवे त्यालाच ते सर्वांत कमी मिळते. दुसरी चूक वजनाची. निळ्या खोकडाचे वजन हंगामानुसार प्रचंड बदलते. हिवाळ्याच्या तोंडावर ते सर्वांत जड असते आणि विणीच्या काळापर्यंत बरेच उतरते. मागच्या विणीच्या वेळची मात्रा शरद ऋतूत तशीच दिली तर ती निश्चितच अपुरी पडते, आणि अपुरी मात्रा वारंवार देणे ही प्रतिकारक्षम कृमी निवडून वाढवण्याची सर्वांत सोपी रीत आहे.

प्रतिकाराचा संशय असेल तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा मोजणी करावी. मात्रेच्या दिवशी आणि त्यानंतर १० ते १४ दिवसांनी त्याच प्राण्यांच्या विष्ठेतील अंडी प्रति ग्रॅम मोजायची. आठशेची संख्या चाळिसावर आली तर घट ९५ टक्के आहे आणि औषध काम करत आहे. आठशेची पाचशेच झाली आणि प्रत्येक प्राण्याला वजनानुसार थेट तोंडातून मात्रा दिली होती याची खात्री असेल, तर प्रतिकार गंभीरपणे घ्यावा. अमेरिकेतील ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये अँकिलोस्टोमा कॅनायनम हा अंकुशकृमी अनेक औषधगटांना दाद देईनासा झाल्याचे सिद्ध झाले आहे, तेव्हा ही शक्यता काल्पनिक नाही. गोलकृमींच्या बाबतीत मात्र मी प्रतिकाराचा विचार सर्वांत शेवटी करीन.

खोकला थांबत नाही

फुप्फुसकृमींचे निदान चुकते ते तपासणीची पद्धत चुकल्यामुळे. क्रेनोसोमा आणि अँजिओस्ट्राँगिलस यांची विष्ठेत अंडी नव्हे तर अळ्या येतात, आणि मिठाच्या किंवा साखरेच्या दाट द्रावणात अंडी तरंगवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत त्या सुरकुतून ओळखू येईनाशा होतात. त्यासाठी कोमट पाण्यात अळ्या खाली उतरू देणारी बेअरमन पद्धत, तीही ताज्या विष्ठेवर आणि तीन वेगवेगळ्या दिवसांच्या नमुन्यांवर, मागून घ्यावी लागते. या दोन्ही कृमींचे मधले यजमान गोगलगायी आणि शेंबड्या गोगलगायी हे आहेत. त्यामुळे पिंजऱ्यातल्या खोकडात ते सापडले तर ओलसर गवत पिंजऱ्याला टेकले आहे का, हिरवा चारा किंवा पालापाचोळा अंथरुणात जातो का, हे पाहावे. अँजिओस्ट्राँगिलसमध्ये रक्त गोठण्याची क्रियाही बिघडते. किरकोळ जखमेतून रक्त थांबत नसेल तर विषबाधेबरोबर या कृमीचाही विचार व्हावा.

युकोलियस एरोफिलस हा श्वासनलिकेतला कृमी वेगळाच घोटाळा करतो. त्याची अंडी खोकून वर येतात, गिळली जातात आणि विष्ठेत उतरतात. दोन्ही टोकांना बुचे असलेली ही अंडी चाबूककृमीच्या अंड्यांसारखी दिसतात. खोकणाऱ्या प्राण्याच्या अहवालात 'चाबूककृमी' आला आणि त्याच्या उपचाराने खोकला थांबला नाही, तर अंड्यांची पुन्हा ओळख पटवावी. युकोलियसचे अंडे काहीसे लहान आणि त्याची बुचे किंचित तिरकी असतात.

पट्टकृमी: येथे घाई करू नये

पट्टकृमी सापडला म्हणजे खोकडाने दुसरा प्राणी खाल्ला, आणि हाच शोधाचा धागा आहे. खाद्य शिजवलेले असेल आणि उंदीर पिंजऱ्यापर्यंत पोहोचत नसतील तर एकिनोकॉकस मल्टिलोक्युलारिस खोकडात येऊच शकत नाही, कारण त्याची अळीअवस्था लहान कृंतकांच्या, विशेषतः व्होल उंदरांच्या, यकृतात वाढते. कच्चे गोडे मासे खाऊ घातल्यास डायबोथ्रिओसेफॅलस लॅटस येतो. मासे उणे २० अंश सेल्सियसला आठवडाभर गोठवले तर त्याच्या अळ्या मरतात. मासे शिजवणे त्याहून बरे, कारण १९३०च्या दशकात पाळीव खोकडांत चॅस्टेक पक्षाघात या नावाने ओळखला गेलेला थायमिनच्या अभावाचा आजार काही जातींच्या कच्च्या माशांतील विकरामुळे होतो आणि ते विकर शिजवल्याने नष्ट होते. कातडी काढलेल्या प्राण्यांचे मांस परत खोकडांनाच घालण्याची प्रथा मात्र पूर्ण बंद हवी. त्यातून ट्रिकिनेला हा स्नायूंत राहणारा कृमी फिरत राहतो, आणि त्याची ट्रिकिनेला नेटिव्हा ही उत्तरेकडील जात गोठवूनही मरत नाही.

एकिनोकॉकस मल्टिलोक्युलारिस खोकडाला फारसा त्रास देत नाही, माणसाला देतो. अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात गाठीसारखी पसरणारी वाढ पाच ते पंधरा वर्षांनी लक्षणे दाखवू लागते आणि उपचाराविना ती प्राणघातक ठरते. त्याची अंडी इतर टीनिया पट्टकृमींच्या अंड्यांपासून सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून अशी अंडी दिसताच पीसीआर किंवा विष्ठेतील प्रतिजन तपासणी होईपर्यंत ती याच कृमीची आहेत असे धरून हातमोजे, मुखपट्टी आणि वेगळी पादत्राणे वापरावीत. मृत वन्य खोकडाचे विच्छेदन करायचे असेल तर घरगुती किंवा साध्या शीतपेटीतली थंडी कामाची नाही. आधी उणे ८० अंशांना काही दिवस ठेवावे लागते. उपचार प्राझिक्वांटेलचा. फेनबेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिन यांनी हा कृमी जात नाही, आणि प्राझिक्वांटेलचाही परिणाम मागे उरत नाही, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी संसर्ग झालेला उंदीर खाल्ला तर सुमारे चार आठवड्यांनी अंडी पुन्हा सुरू होतात.

जपानच्या रेबुन बेटावर १९२०च्या दशकात उंदरांचा बंदोबस्त आणि फर या हेतूंनी क्युरिल बेटांवरून खोकडे आणून सोडली गेली आणि त्यांच्याबरोबर हा कृमी बेटावर आला. खोकडे एका जागेहून दुसरीकडे हलवणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण लक्षात ठेवावे. बऱ्या झालेल्या वन्य खोकडाला सोडताना ते जेथे सापडले तेथेच सोडण्याचे हे एक भक्कम कारण आहे.

लूत

सार्कोप्टीस स्केबिआय या कोळीवर्गी सूक्ष्म जीवामुळे होणारी लूत औषधाने बरी होते आणि तरीही परत येते, कारण औषध अंड्यांवर चालत नाही. अंड्यापासून प्रौढापर्यंतचे चक्र दोन ते तीन आठवड्यांचे असते. म्हणून आयव्हरमेक्टिनची मात्रा साधारण १४ दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा दिली जाते, तीही लूत दिसणाऱ्या एकाच प्राण्याला नव्हे तर संपर्कातल्या सर्वांना. थंड, दमट घरट्यात हे जीव प्राण्याविना दोन-तीन आठवडे तग धरू शकतात, त्यामुळे जुने अंथरूण जाळून टाकल्याशिवाय उपचार पूर्ण झाला असे मानू नये. डोके हलवणे, कान खाजवणे आणि कानात काळपट-तपकिरी मळ ही लक्षणे असतील तर ती बहुधा ओटोडेक्टीस सायनोटिसची बाधा असते. हा कानातला जीव क्षुल्लक समजला जातो, पण रशियाच्या मेदनी बेटावरच्या ध्रुवीय खोकडांची संख्या १९७०च्या दशकात कोसळली ती त्याच्याच प्रादुर्भावाने पिल्ले मेल्यामुळे.

वन्य खोकडांमध्ये लूत किती मोठे काम करते हे इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात दिसले. १९९४ मध्ये तेथे साथ शिरली आणि दोन वर्षांत तेथील तांबड्या खोकडांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. एखादे लूत लागलेले खोकड नेहमी दिसत असल्यास अन्नातून आयव्हरमेक्टिन ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. ते अन्न कोण खाईल यावर आपला ताबा नसतो, कॉलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांना हे औषध विषासमान ठरू शकते, आणि दुसरी मात्रा त्याच खोकडाने खाल्ली याची खात्री कधीच मिळत नाही. पकडून उपचार करणे शक्य नसेल तर निदान एकाच जागी अन्न ठेवून अनेक खोकडे गोळा करणे तरी थांबवावे.

प्राझिक्वांटेलच्या आमिषांची गोष्ट निराळी आहे. दक्षिण जर्मनीत आणि झुरिकमध्ये ती ठरावीक अंतराने पसरल्यावर खोकडांतील एकिनोकॉकसचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. पण आमिषे थांबवल्यावर, मोकळ्या झालेल्या जागेत बाहेरून तरुण खोकडे आली की ते पुन्हा वाढू शकते. अशी मोहीम हाती घेणाऱ्याने तिचा खर्च एका वर्षाचा न धरता सलग अनेक वर्षांचा धरावा, आणि आमिषे टाकण्यापूर्वीचे विष्ठेचे नमुने गोळा करून ठेवावेत, कारण ते नसतील तर पुढची घट कशाशी ताडून पाहायची हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही.